जनुकाची राखण



३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी १०७ माणसांना प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. तिचा जनक वाल्डेमार हाफकिन याने १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगावर आजमावली आणि नंतरच्या पाच-सहा वर्षांत ती लाखो लोकांना टोचून झाली. मुलकोवालमध्ये मात्र '५३ एन' असा क्रमांक असलेल्या एका बाटलीतून ज्यांना लस मिळाली, ते सगळे, म्हणजे १९ जण, धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. चौकशी झाली, ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर व्हावे लागले. पुढे साक्षीपुरावे बारकाईने तपासले गेले तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि जंतुनाशकात नुसता बुचकळून त्याने तोच पुन्हा बुचाला लावला होता. बाटली उघडली की वास घेऊन पाहायची रीत होती आणि त्या बाटलीला वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळहूनच आत गेलेले असते, आठवडेच्या आठवडे आत वाढलेले असते, तर बूच निघताच दुर्गंधी सुटली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्याचेच नाव आहे.

जैवतंत्रज्ञानाचा परिचय करून देताना या बाटलीपासून सुरुवात करण्याचे कारण असे की या शास्त्राबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक शोधांबद्दल असते. कोणी जनुक शोधला, कोणाला नोबेल मिळाले, कोणता चमत्कार आता दाराशी येऊन ठेपला आहे, याच्या बातम्या होतात. मुलकोवालमध्ये शोध खोटा ठरला नव्हता. शोध परळहून निघून गावातल्या माणसाच्या दंडापर्यंत पोचेस्तोवर त्याची जी राखण व्हायला हवी होती, ती एका क्षणी सुटली आणि १९ माणसे गेली. माझे म्हणणे एवढेच आहे की जैवतंत्रज्ञानात ही राखण दुय्यम नाही. यंत्र बनवून झाले की ते आपणहून बदलत नाही. जिवंत वस्तू बदलत राहते, दूषित होते, वाढते, पसरते, आणि तिच्या अवतीभवतीचे इतर जीव तिच्याशी जुळवून घेतात. म्हणून जिथे जिवाकडून काम करून घ्यायचे आहे तिथे राखणीची व्यवस्था हा तंत्रज्ञानाचाच भाग धरावा लागतो. तो न धरल्याने काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या शेतात आहे. तिकडे मी येणारच आहे.

आधी व्याख्या. जिवंत प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव, त्यांच्या पेशी किंवा त्यांनी बनवलेली विकरे वापरून उपयोगी पदार्थ किंवा सेवा मिळवणे म्हणजे जैवतंत्रज्ञान. हा शब्द हंगेरीचा कृषी अभियंता कार्ल एरेकी याने १९१९ मध्ये वापरात आणला. तेव्हा डीएनएची रचना उलगडायला अजून ३४ वर्षे होती. म्हणून जनुकबदल म्हणजेच जैवतंत्रज्ञान असे मानणे बरोबर नाही. लसी, प्रतिजैविके, निदानाच्या चाचण्या आणि पेशींवर आधारित उपचार ही वैद्यकीय शाखा; ऊतिसंवर्धन, जनुकांतरित पिके, जैविक खते आणि कीडनाशके ही कृषी शाखा; किण्वनातून मद्यार्क, सायट्रिक आम्ल, कपडे धुण्याच्या पावडरीतली विकरे काढणारी औद्योगिक शाखा; सांडपाणी आणि तेलगळती यांच्यावर जिवाणू सोडणारी पर्यावरणीय शाखा. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा जिवाणू घडवला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला पेटंट देता येते असा निकाल दिला, तेव्हा सजीवावर मालकी सांगण्याचा प्रश्नही या शास्त्राला कायमचा येऊन चिकटला. या शाखांच्या रंगवार याद्या पाठ्यपुस्तकांत सापडतात. त्यांत मला फारसे स्वारस्य नाही, कारण शाखा कोणतीही असली तरी तिच्या मुळाशी काम एकच असते: हवा तो जीव निवडायचा, त्याला हवे तसे वाढवायचे, आणि नको ते जीव बाहेर ठेवायचे.

हाफकिनच्या पद्धतीत ही तिन्ही कामे स्पष्ट दिसतात. त्याने शेळीच्या मांसाच्या रसाने फ्लास्क भरले आणि वर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली लोंबणाऱ्या धाग्यांसारखे वाढत. फ्लास्क हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि थेंबांखाली नवे धागे धरू लागत. काही आठवडे हे चालल्यावर भरपूर जंतू जमत. मग उष्णता देऊन ते मारले जात. या धाग्यांचा आणखी एक उपयोग होता. प्लेगच्या जंतूंची वाढ अशी खास लोंबती असते, त्यामुळे फ्लास्कमध्ये ती दिसली नाही तर काहीतरी भलतेच आत वाढते आहे हे ओळखता येई. उत्पादन आणि तपासणी एकाच तुपाच्या थेंबावर चालत होती. मला यात या शास्त्राचे सगळे मर्म दिसते.

पेनिसिलिनची गोष्ट शोधाची म्हणून सांगितली जाते: १९२८, अलेक्झांडर फ्लेमिंग, खिडकीजवळची बशी. प्रत्यक्षात त्यानंतर बारा वर्षे त्यातून औषध असे काही निघाले नाही. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० च्या सुमारास ते शुद्ध केले, आणि अमेरिकेत पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातले टाकाऊ पाणी बुरशीला खाद्य म्हणून वापरल्यावर उत्पादन वाढू लागले. १९४३ मध्ये तिथे बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, तिच्यात क्ष-किरणांनी आणि अतिनील किरणांनी बदल घडवत पुढची अधिक उत्पादक वाणे निघाली. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती याच ज्ञानावर. पण असे सुधारलेले वाण मिळाले म्हणजे काम संपत नाही. ते पुन्हा पुन्हा वाढवत राहिले की खालावते. औषध बनवण्यात शक्ती न घालवणाऱ्या पेशी वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. घरातले विरजण बिघडले की शेजारून आणता येते, इथे ती सोय नसते. म्हणून मूळ पेशी गोठवून ठेवल्या जातात, त्यांतून कामापुरत्या पेशींचा दुसरा साठा केला जातो आणि दर वेळी त्या साठ्यातूनच नवी सुरुवात होते. आज जगातल्या कोणत्याही लस कारखान्याचे खरे भांडवल हे शीतगृहातल्या त्या छोट्या कुप्या आणि त्यांच्या नोंदवह्या हेच असते.

जनुक-अभियांत्रिकीने या जुन्या विद्येत भर घातली ती अशी. प्रत्येक पेशीतल्या डीएनएमध्ये प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात आणि त्या सूचनांची लिपी जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ एकच असते. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जिवाचा डीएनएचा तुकडा जिवाणूत घालून तो तिथे टिकतो आणि त्याच्या प्रती निघतात हे दाखवले. मधुमेह्यांसाठी लागणारे इन्सुलिन १९२० च्या दशकापासून गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची सूचना जिवाणूत घालण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये यीस्टमधून बनवलेली कावीळ-बची लस आणली आणि परदेशी लशीच्या किमतीमुळे जी सामान्य घरांना परवडत नव्हती ती आवाक्यात आली. या सर्व यशांत एक गोष्ट समान आहे, आणि ती सहसा नजरेतून सुटते: जनुक बदललेला जीव बंद पोलादी टाकीत होता. त्याला खाद्य किती, हवा किती, तापमान किती हे ठरवणारा माणूस चोवीस तास शेजारी होता. टाकीबाहेर, उघड्या शेतात तोच उद्योग करायचा म्हटला की राखणदार कोण, हा प्रश्न उभा राहतो.

शेतात जाणारे पण जनुक न बदलणारे तंत्र आधी पाहू. ऊतिसंवर्धनात झाडाच्या वाढत्या शेंड्यातला सूक्ष्म तुकडा निर्जंतुक बाटलीत, अगारवर वाढवतात आणि संप्रेरकांच्या प्रमाणावर त्याला फुटवे किंवा मुळे फोडायला लावतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर मूलभूत काम झाले. तिथल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी १९९० मध्ये, कित्येक वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या बांबूला बाटलीत काही महिन्यांत फुलवले आणि ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. जळगावच्या केळीला या तंत्राने जे दिले ते सर्वांना ठाऊक आहे: ग्रँड नैन जातीची एकसारखी रोपे, एकाच वेळी निसवणारी बाग, लवकर येणारा माल. पण इथेही तीच अट आहे. मातृवृक्षात विषाणू असेल तर हे तंत्र तो विषाणूही लाखो रोपांत इमानाने पोचवते, आणि एकाच तुकड्यापासून फार वेळा फुटवे घेत राहिले तर रोपांत विकृती येऊ लागते. म्हणून मातृवृक्षाची विषाणूचाचणी आणि पिढ्यांवर मर्यादा यांचे नियम आहेत, केंद्र सरकारची प्रमाणन व्यवस्था आहे. जिथे रोपवाटिका ते पाळते तिथे शेतकऱ्याला तंत्रज्ञान दिसतही नाही, फक्त बाग चांगली दिसते.

आता कपाशी. मातीत राहणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू काही अळ्यांना मारणारे प्रथिन बनवतो. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंजियात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगात. नाव तिथून आले. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी जाऊन बसते, पेशींना भोके पाडते आणि अळी खाणे थांबवून मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि आपल्या आतड्यात त्या जागाच नाहीत, म्हणून आपल्याला त्याने अपाय होत नाही. या प्रथिनाचा जनुक कपाशीत घातला म्हणजे झाडच अळीला मारते. २६ मार्च २००२ रोजी भारतात अशा बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. बियाणे जालन्याच्या महिकोचे, जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचा. त्या वेळी अमेरिकन बोंडअळी बहुतेक फवाऱ्यांना दाद देईनाशी झाली होती, आणि शेतकऱ्याने नव्या बियाण्याकडे धाव घेतली यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळ्यांसाठीची फवारणी खरोखरच घटली. देशाचे कापूस उत्पादनही वाढले. अर्थात त्या वाढीत गुजरातेतले नवे सिंचन, खते आणि रसशोषक किडींवरची नवी औषधे यांचाही वाटा होता आणि सगळे श्रेय एका जनुकाला देता येत नाही.

कपाशीवर तीन बोंडअळ्या येतात: ठिपक्यांची, अमेरिकन म्हणजे हिरवी, आणि गुलाबी. यांतली गुलाबी अळी या कथेत निर्णायक ठरली. शास्त्राला तिची ओळख पटली तीच भडोचच्या कपाशीवरून, १८४० च्या दशकात. पतंगाने घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी आधी पाते-फुलात शिरते. पाकळ्या आतून एकमेकींना चिकटवते आणि फूल उमलतच नाही. त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. पुढच्या पिढीतली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून धडधाकट, आत मात्र अळी एकेक सरकी पोखरत असते. फुटल्यावर हाती येते ती पिवळट, डागाळलेली, कवडीची रुई. अशा बंद बोंडात फवारा पोचत नाही. झाडातच असलेले प्रथिन म्हणूनच या अळीविरुद्ध बहुमोल होते, आणि नेमके तेच आपण गमावले. २००९ मध्ये गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचे दिसले. २००६ पासून बाजारात आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्यावरही ती २०१५ च्या आसपास जगू लागली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातली बोंडे तिने पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. डोक्याएवढी वाढलेली दाट पऱ्हाटी, उकाडा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, अंगावर कसलेही संरक्षण नाही. ज्या तंत्रज्ञानाचे मुख्य वचन फवारणी कमी करण्याचे होते, ते आल्यानंतर पंधरा वर्षांनी हे घडले.

हे का घडले ते समजण्यासाठी थोडे आनुवंशशास्त्र लागते. एखाद्या किडीच्या लाखो पतंगांत एखादा असा निघतो की त्याला हे प्रथिन बाधत नाही. हा गुण सहसा अप्रभावी असतो. दोन्ही पालकांकडून आला तरच अळी वाचते. शेजारी साधी, बिगरबीटी कपाशी असेल तर तिच्यावर निरोगी वाढलेले साधे पतंग या दुर्मीळ पतंगाशी जोडी करतात आणि त्यांची पिल्ले बीटी बोंडात मरतात. म्हणून नियम होता की बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे द्यायचे आणि ते कडेने आश्रयपीक म्हणून लावायचे. अमेरिकन अळी तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते, तिला असे आश्रय रानात आपोआप मिळाले. ती बीटीला इतक्या सहज शिरजोर झाली नाही. गुलाबी अळी जवळपास केवळ कपाशीवर जगते. तिच्यासाठी आश्रयपीक हाच एक आधार होता आणि ते बहुतेकांनी लावलेच नाही. त्यात आपल्याकडे बीटी जनुक आला तो जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांत, जे उंच वाढतात आणि दीर्घकाळ शेतात उभे राहतात. शेवटच्या वेचणीनंतर पाणी देऊन फरदड घेतली की मार्चपर्यंत अळीला अन्न मिळत राहते. सरकी न काढलेला कापूस जिनिंगच्या आवारात पडून राहतो, त्यातून पतंग उडतात आणि जवळच्या शेतात पहिली डोमकळी तिथूनच लागते.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. हाच जनुक आणि हीच अळी अमेरिकेतल्या ॲरिझोनातही होती. तिथे आश्रयपिकाचा नियम पाळला गेला, अळीवर सतत पाळत ठेवली गेली, आणि २००६ पासून किरणोत्साराने नपुंसक केलेले पतंग विमानातून शेतांवर सोडण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मुख्य भूमीवरच्या कपाशीतून गुलाबी अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. बियाण्यातले प्रथिन दोन्हीकडे सारखेच. फरक राखणीत होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलना अन्यायाची आहे. ॲरिझोनातला शेतकरी शेकडो एकरांचा धनी, आपला दोन-तीन एकरांचा. त्याने पाच ओळी कपाशी अळीला वाहाव्यात हे कोणत्या तोंडाने सांगायचे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आश्रयपिकाचा भार ज्याला तो सर्वांत कमी झेपतो त्याच्या माथी मारला गेला, आणि पिशवीतले साधे बियाणे अनेकदा उगवणीला किंवा फुलोऱ्याच्या वेळेला मुख्य पिकाशी जुळणारे नव्हते. मग त्याने ते बांधाबाहेर टाकले तर दोष फक्त त्याचा कसा? पण यावरून लहान शेतीत राखण अशक्यच आहे असे ठरत नाही. चीनमधला कापूस शेतकरी आपल्याइतकाच लहान आहे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे पेरले. या पिढीत आपोआपच चारातले एक झाड साधे निघते. कोणालाही वेगळ्या ओळी लावायला न सांगता शेतभर आश्रय तयार झाला आणि गुलाबी अळीतला वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला; हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. अशा मिश्र बियाण्यालाही धोका आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्यांपैकीही काही विनाप्रथिनाच्या असतात, आणि एका बोंडात दोन्ही प्रकारच्या सरक्या खाणाऱ्या अळीला अर्धवट मात्रा मिळून प्रतिकार उलट वाढेल, असे आपल्याकडच्या तज्ज्ञांनी मांडले आहे. चीनमध्ये अख्ख्या साध्या झाडांचा फायदा त्या तोट्यापेक्षा मोठा ठरला. आपल्या हवामानात, आपल्या संकरित वाणांत काय होईल हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजणे हीच राखण आहे. भारतात अलीकडे एकाच पिशवीत मिसळून बियाणे देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. तो २००२ मध्ये स्वीकारायला हवा होता.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा आहे. बीटीचा अनुभव पाहता असले तंत्रज्ञान नकोच, निसर्गात ढवळाढवळ केली की निसर्ग सूड उगवतो, असे म्हटले जाते. अळीने बीटीला प्रतिकार केला हे खरे. पण त्याआधी तिच्याच भाऊबंदांनी सिंथेटिक पायरेथ्रॉइडांना प्रतिकार केला होता, उद्या निंबोळी अर्कावर एवढाच भार टाकला तर त्यालाही करतील. प्रतिकार हा जनुक-अभियांत्रिकीचा खास दोष नाही, एकाच शस्त्रावर विसंबून राहण्याचा तो परिणाम आहे. गुलाबी अळीचे नियंत्रण आजही शक्य आहे, आणि त्यातली बहुतेक साधने प्रयोगशाळेतली नाहीत: कमी कालावधीचे वाण, वेळेत पेरणी, फरदड बंद, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, शेतात आणि जिनिंगमध्ये कामगंध सापळे, हंगामानंतर पऱ्हाट्या उपटून टाकणे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बुटक्या, लवकर येणाऱ्या सरळ वाणांच्या सघन लागवडीचा आग्रह अनेक वर्षे धरला आहे. सरळ वाणाचे बी शेतकरी पुढच्या वर्षी स्वतः पेरू शकतो, त्यामुळे कंपन्यांना त्यात रस कमी. म्हणूनच तिथे सरकारी संशोधनाची जबाबदारी होती. ती कशी निसटली तेही सांगितले पाहिजे. 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी जनुक घालून ते २००९ मध्ये शेतकऱ्यांना दिले गेले आणि थोड्याच काळात त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची सरमिसळ सापडल्याने मागे घ्यावे लागले. मुलकोवालचा चिमटा शंभर वर्षांनी सरकारी प्रयोगशाळेतही पडू शकतो.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेली, तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे पेरली. जगातल्या इतर शेतकऱ्यांना जे मिळते ते आम्हाला का नाही, ही त्यांची मागणी होती. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या परंपरेतली ही मागणी मी हलकी मानत नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत ही विदर्भातली रोजची अडचण आहे, आणि परवानगीचा निर्णय वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवणे ही काही सावधगिरी नव्हे. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली गेली, तिचा शेवट आजही झालेला नाही. पण बिनपावतीच्या पाकिटातले बियाणे हे स्वातंत्र्यही देत नाही. त्यात काय आहे हे कोणी तपासलेले नसते, उगवले नाही तर दाद मागता येत नाही, आणि त्यात आश्रयाचे बी असण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय अळीचे प्रथिनाला बळी पडणे ही कोणा एकाची मालमत्ता नाही. माझ्या शेतातला पतंग तुमच्या शेतात उडून येतो. पाणलोटाचे पाणी आणि गावचे गायरान यांच्यासारखीच ती सर्वांची सामाईक ठेव आहे, आणि सामाईक ठेवीचे नियम त्या ठेवीच्या भागीदारांनाच विचारून केले नाहीत तर ते कागदावर राहतात. २००२ चा आश्रयपिकाचा नियम तसाच कागदावर राहिला.

ही चर्चा कपाशीपुरती मर्यादित राहणार नाही. २०१२ मध्ये उलगडलेल्या क्रिस्पर तंत्राने जनुकात नेमक्या जागी बदल करता येतो. शार्पेंतिए आणि डाउडना यांना त्यासाठी २०२० चे नोबेल मिळाले, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत सिकलसेलवर या तंत्राचा पहिला उपचार मंजूर झाला. सिकलसेल हा गडचिरोलीचा, चंद्रपूरचा, नंदुरबारचा, मेळघाटचा आजार आहे. अमेरिकेत त्या एका उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि त्यासाठी रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून, बदलून, परत घालाव्या लागतात. खर्च कमी होऊ शकतो याचा दाखला मुंबईतच आहे: आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर घडवलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ती परदेशातल्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. सिकलसेलसाठीही एक दिवस असे होईल आणि व्हावे. तोवर नवजात बाळाच्या टाचेतले रक्त तपासणारी व्यवस्था, न चुकता मिळणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, पहिल्या काही वर्षांत जंतुसंसर्गापासून बचाव, आणि वेदनेचा झटका आलेल्या मुलाला ओळखणारा प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, एवढ्यानेही कित्येक आयुष्ये वाचतात. आणि उद्या क्रिस्परचा उपचार धारणीला किंवा धडगावला पोचायचा असेल, तर तोही याच तपासणीच्या नोंदींवरून, याच केंद्रातून, याच माणसांच्या हातांनी पोचेल.

म्हणून माझी सूचना खर्चाबद्दल आहे. कोणत्याही नव्या जैवतंत्रज्ञानाला मंजुरी देताना त्याच्या राखणीचा आराखडा आणि त्यासाठीचा निधी मंजुरीच्या कागदातच असावा. कपाशीसाठी याचा अर्थ असा की प्रत्येक कापूस तालुक्यात दर हंगामी अळ्या गोळा करून त्यांच्यावर प्रथिनाची मात्रा तपासली जावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. बियाण्याच्या किमतीतला ठराविक भाग या तपासणीसाठी बाजूला काढला जावा. जिनिंगच्या परवान्याला सापळ्यांची अट असावी आणि सापळ्यात किती पतंग आले याची नोंद कृषी सहायकाकडे जावी. प्रतिकाराचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की त्या तालुक्यात ते बियाणे विकणे थांबावे आणि कमी कालावधीच्या वाणाचे बी तिथे आधी पोचावे. कृषी विद्यापीठांकडे अशा चाचण्या करू शकणारी माणसे आज आहेत. २००९ मध्ये गुजरातेतून पहिला इशारा आला, तेव्हापासून महाराष्ट्रात अळी पसरायला आठ हंगाम लागले होते.